लग्नाची कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवताना

माळ्यावर जुनी कॅसेट सापडली की ती लगेच लावून बघायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी कॅसेटची कड बघा. मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटच्या कडेला एक बारीक सरकती खिट्टी असते. ती ‘सेव्ह’च्या बाजूला सरकवली की त्या कॅसेटवर चुकूनही काही रेकॉर्ड होत नाही. व्हीएचएसला, म्हणजे जुन्या मोठ्या कॅसेटला, खिट्टीऐवजी प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, तो स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकायचा. हे केल्याशिवाय कॅसेट कुठल्याच मशीनमध्ये घालू नका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर ते जितके सेकंद चालू राहील तितके सेकंद मंगलाष्टकांतून कायमचे जातात.

ज्यांच्या घरी १९८५ ते २०१० या काळातल्या कॅसेट पडून आहेत आणि ज्यांना डीव्ही, एचडीव्ही, एव्हीसीएचडी या नावांनी गोंधळायला होतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातलं बहुतेक मी चुका करत शिकलो. सगळ्यांत मोठी चूक २०१२ सालची. मावशीच्या लग्नाच्या आणि आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या मिळून अकरा मिनी डीव्ही कॅसेट मी एका स्टुडिओत डीव्हीडी करायला दिल्या. डीव्हीडी आल्या, टीव्हीवर लावल्या, आणि सगळं वऱ्हाड बुटकं, फुगलेलं दिसायला लागलं. रुंदी-उंचीचं ४:३ प्रमाण असलेलं चित्र कोणीतरी ताणून १६:९ केलं होतं. काळोख्या मांडवात चेहऱ्यांवर चौकोन उमटले होते आणि कुठला प्रसंग कोणत्या दिवसाचा याची काहीही नोंद नव्हती. कॅसेट परत मागून घेतल्या होत्या म्हणून निभावलं. सहा वर्षांनी त्याच कॅसेट मी घरी, योग्य केबलने उतरवल्या. तेव्हा आजीच्या इरकली साडीच्या काठावरची रुईफुलं एकेक करून दिसली. ती टेपवर पहिल्यापासून होतीच, डीव्हीडी करताना हरवली होती.

म्हणून या सगळ्या कामाचा एकच नियम मी धरला आहे: आधी जसंच्या तसं उतरवायचं, सुंदर करायचं ते नंतर, आणि तेही वेगळ्या प्रतीवर.

हातात काय आहे ते ओळखा

आकारावरून बरंचसं कळतं. पुस्तकाएवढी, साधारण १९ सेंटिमीटर लांबीची कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जेव्हीसीने ती १९७६ मध्ये जपानमध्ये आणली आणि आपल्याकडे लग्नाची कॅसेट म्हटलं की बरीच वर्षं तीच असायची. तळहातात मावणारी, ऑडिओ कॅसेटपेक्षा थोडी लहान पण जाड कॅसेट ८ मिलिमीटर टेपची असते. तिच्यात मात्र तीन पिढ्या आहेत: १९८५ चं व्हिडिओ८, १९८९ चं हाय८ आणि १९९९ चं डिजिटल८. कवच तिन्हींचं सारखंच. डिजिटल८ तर हाय८च्याच कोऱ्या कॅसेटवर रेकॉर्ड होत असे, त्यामुळे कॅसेटवरच्या छापील नावावर विसंबू नका, कॅमेरा कोणता होता ते घरात विचारा. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, ६६ बाय ४८ मिलिमीटरची कॅसेट म्हणजे मिनी डीव्ही. २००० नंतरच्या लग्नांचं शूटिंग मोठ्या प्रमाणावर हिच्यावर झालं आहे.

मिनी डीव्हीतही एक पेच आहे. याच कॅसेटवर साधं डीव्ही असू शकतं किंवा एचडीव्ही म्हणजे हाय डेफिनिशनसुद्धा असू शकतं. बाहेरून काहीच कळत नाही. कॅमेऱ्यात लावल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात डीव्ही किंवा एचडीव्ही अशी अक्षरं येतात, तेव्हाच उलगडतं.

परदेशातल्या नातेवाइकांच्या कॅसेट वेगळ्या ठेवा. भारतात तेव्हाचा टीव्ही पाल पद्धतीचा: ६२५ रेघा, त्यातल्या ५७६ रेघांवर चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं. न्यू जर्सीच्या मामांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असणार: चित्राच्या ४८० रेघा, सेकंदाला २९.९७ फ्रेम. तिला एनटीएससी चालवणारं मशीन लागतं, आणि उतरवल्यावर तिची फाइल २९.९७ चीच राहू द्यावी. ओढूनताणून २५ केली की चाल धडपडल्यासारखी दिसते.

बुरशी बघा

कोकणात आणि मुंबईत हे काम सगळ्यांत महत्त्वाचं. व्हीएचएसच्या पारदर्शक खिडकीतून टेपचं रीळ दिसतं. त्यावर पांढरी पूड, जाळी किंवा ठिपके असतील तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली तर टेप वाचणाऱ्या हेडवर घाण बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. घरी कापसाने पुसायला जाऊ नका, टेप चुरगळते.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवर बाष्प धरतं, टेप त्याला चिकटते आणि फाटते. बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी थेंबाचं चिन्ह येतं आणि कॅमेरा चालायला नकार देतो. ते चिन्ह आलं तर कॅसेटचा कप्पा उघडा ठेवून तासभर थांबायचं. मी दिवाळीनंतर काम सुरू करतो आणि होळीच्या आत संपवतो.

टेपवर नेमकं काय असतं

थोडी आकडेमोड केली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पाल डीव्हीचं एक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू. भागाकार करून बघा, बरोबर पाचपट. ४के टीव्हीवर ३८४० बाय २१६० बिंदू असतात, ते वीसपट. कॅसेटवरच्या एका बिंदूने तिथे वीस बिंदूंची जागा भरायची असते. म्हणून जुनं लग्न नव्या मोठ्या टीव्हीवर मऊ, पुसट दिसतं. टेप खराब झाली असं लगेच समजू नका. तीच कॅसेट डबा टीव्हीवर छान दिसायची, कारण तो पडदा लहान होता आणि तिच्याच मापाचा होता. व्हीएचएस तर आणखी मऊ, तिच्यात आडव्या दिशेला जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो.

आता वेग. एचडी चित्र काहीही न दाबता साठवायचं ठरवलं तर सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वर लागतात, तासाला साधारण ३७० गिगाबाइट. घरगुती कॅमेऱ्याला ते शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक फॉरमॅटने चित्र दाबण्याची आपापली रीत काढली, आणि फॉरमॅटांमधला खरा फरक त्या रीतीतच आहे.

१९९५ मध्ये आलेल्या डीव्हीची रीत सरळ: प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबायची. पालची प्रत्येक फ्रेम १,४४,००० बाइटची, टेपवर तिरक्या बारा पट्ट्यांत लिहिलेली. प्रत्येक पट्टी १० मायक्रॉन रुंद, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. सेकंदाला ३.६ मेगाबाइट, तासाला १३ गिगाबाइट. एक फ्रेम बिघडली तरी शेजारची शाबूत राहते.

२००३ मध्ये एचडीव्ही आलं. टेप तीच, वेगही साधारण तोच, सेकंदाला २५ मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ३ मेगाबाइटच्या आसपास), पण चित्र १४४० बाय १०८०. हे जमलं कारण त्यात वापरलेली चित्र दाबण्याची एमपेग-२ ही रीत वेगळी: एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. पाल देशांतल्या १०८० रेघांच्या एचडीव्हीत असा बारा फ्रेमचा गट असतो. त्यामुळे टेपवर एक ओरखडा आला की जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठतं. डीव्हीत त्याच ओरखड्याने क्षणभर दोन चौकोन चमकून गेले असते.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी आणलं आणि टेपच गेली. एच.२६४ या जास्त हुशार रीतीने चित्र दाबून मेमरी कार्डावर किंवा कॅमेऱ्यातल्या हार्ड डिस्कवर फाइली यायला लागल्या.

मशीन आणि केबल

माझ्या २०१२ च्या चुकीचं मूळ इथेच होतं. मिनी डीव्हीच्या टेपवर आकडे असतात. ते आकडे संगणकावर नेले की झाली नक्कल, पेन ड्राइव्हवरची फाइल कॉपी करावी तशी. पण कॅमेऱ्याच्या पिवळ्या पिनेतून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या साध्या व्हिडिओ केबलने, चित्र बाहेर काढलं की त्या आकड्यांचं आधी ॲनालॉग चित्र होतं, पलीकडचं मशीन त्याचे पुन्हा आकडे करतं, आणि डीव्हीडीसाठी ते परत दाबलं जातं. तीनदा झीज होते.

आकडे जसेच्या तसे नेणारी केबल म्हणजे फायरवायर. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिला आय-लिंक म्हणतात, इतरांवर पोर्टशेजारी नुसतं डीव्ही लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याकडचं टोक बहुधा चार पिनांचं, संगणकाकडचं चार, सहा किंवा नऊ पिनांचं. नव्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. २०१० च्या आसपासचा जुना लॅपटॉप किंवा फायरवायर कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप मिळवा. ओळखीच्या कोणाच्या तरी घरी तो असतोच, आणि या कामाला वेगवान संगणक लागत नाही.

बाजारात एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी स्वस्त जोडणी मिळते. ती घेऊ नका. आत फक्त तारा जोडलेल्या असतात, दोन्हींची भाषा वेगळी, त्यामुळे चित्र येत नाही आणि पोर्ट जळण्याची भीती असते. कॅमेऱ्याचा स्वतःचा यूएसबी पोर्ट बऱ्याच मॉडेलांत फक्त फोटोंसाठी असतो, त्यावरही भिस्त ठेवू नका.

कॅमेरा शक्यतो तोच वापरा ज्याने रेकॉर्ड केलं होतं. कॅसेट वाचवण्यासाठी एलपी वेगात, म्हणजे ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं भरली असतील, तर दुसऱ्या कॅमेऱ्यात ती नीट न चालण्याची शक्यता मोठी असते.

टेप उतरवा

कॅमेरा बंद असताना केबल जोडा, मग चालू करा. फायरवायरचा सहा पिनांचा खटका उलटा घुसवला तर पोर्ट कायमचा जातो, म्हणून जोर लावायचा नाही. बॅटरीवर काम करू नका, चार्जर लावा. कॅमेरा प्लेबॅकवर ठेवा, टेप शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो.

ज्या डिस्कवर उतरवायचं ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. जुन्या फॅट३२ मध्ये एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होत नाही, म्हणजे जेमतेम २० मिनिटांचं डीव्ही.

विंडोजवर विनडीव्ही हे छोटं, मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो. त्यात एव्हीआय या फाइल-प्रकाराचा ‘टाइप २’ निवडायचा, आवाज वेगळ्या प्रवाहात राहतो आणि फाइल जास्त ठिकाणी उघडते. लिनक्सवर डीव्हीग्रॅब आहे. प्रोग्राम कोणताही घ्या, फक्त तो डीव्ही दाबून लहान तर करत नाही ना हे तपासा. तासाची फाइल १३ गिगाबाइटच्या आसपास आली तर नक्कल खरी. दोन-तीन गिगाबाइटची आली तर मध्ये कोणीतरी चित्र पुन्हा दाबलं.

फायरवायरने उतरवल्यावर एक गोष्ट आपोआप येते जी पिवळ्या पिनेतून कधीच येत नाही. प्रत्येक डीव्ही फ्रेमसोबत रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. मावशीच्या लग्नाची फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा पहाटेची वेळ दिसली. घाणा भरताना बायका ओव्या म्हणत होत्या, ते शूटिंग त्या वेळचं होतं. डीव्हीडीवर तो प्रसंग वरातीच्या नंतर चिकटवला होता. अर्थात तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तरच ही तारीख खरी. १ जानेवारी दिसली तर ती सोडून द्या.

टेप चालू असताना खोलीतून उठून जाऊ नका, आणि कान उघडे ठेवा. आवाजात तडतड आली किंवा चित्रात चौकोन चमकले की समजायचं, हेडवर धूळ आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट लावून दहा सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही, ती हेड घासते. मग थोडं मागे जाऊन पुन्हा उतरवा. एक टेप मी चारदा उतरवली आहे. दर वेळी चौकोन वेगळ्या जागी येत होते, म्हणजे टेप चांगली होती आणि दोष वाचण्यात होता. अशा वेळी डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत साधन उपयोगी पडतं, ते अनेक प्रयत्नांतल्या चांगल्या फ्रेम निवडून एक फाइल बनवतं.

एचडीव्हीसाठी एक जास्तीची काळजी घ्या. कॅमेऱ्याच्या मेन्यूमध्ये आय-लिंक रूपांतर असं काहीतरी असतं. ते चालू असेल तर कॅमेरा एचडी चित्र लहान करून साधं डीव्ही पाठवतो आणि तुम्हाला कळतही नाही. ते बंद करा, केबल काढून पुन्हा जोडा. उतरवलेल्या फाइलची मापं १४४० बाय १०८० दिसली की मगच पुढे जा. हे बिंदू चौकोनी नसतात, थोडे रुंद असतात, त्यामुळे पडद्यावर चित्र १९२० एवढं भरतं. माप कमी दिसलं म्हणून घाबरू नका.

कार्ड, डीव्हीडी आणि व्हीएचएस

एव्हीसीएचडीच्या कार्डावरून नुसत्या एमटीएस, म्हणजे व्हिडिओच्या, फाइली उचलू नका. पूर्ण फोल्डर, त्यातल्या आपल्याला निरर्थक वाटणाऱ्या बारक्या फाइलींसकट, जसाच्या तसा कॉपी करा. लांब प्रसंग कॅमेरा अनेक तुकड्यांत साठवतो आणि ते तुकडे कुठे जोडायचे याची माहिती त्या बारक्या फाइलींत असते. नुसते तुकडे उचलून नंतर चिकटवले की भाषणाच्या मधोमध आवाज तुटतो.

डीव्हीडी असेल तर तिची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब एक फाइल, काढून ठेवा. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगद्रव्याचा थर काही वर्षांत खराब होऊ शकतो. व्हीसीडीतलं चित्र फक्त ३५२ बाय २८८ चं असतं. त्या लग्नाची मूळ कॅसेट कुठे मिळते का, हे शूटिंगवाल्याकडे एकदा विचारून बघाच.

व्हीएचएस, व्हिडिओ८ आणि हाय८ मुळातच ॲनालॉग, त्यामुळे तिथे नक्कल करता येत नाही, पुन्हा रेकॉर्डच करावं लागतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई २०१६ मध्ये थांबली, तेव्हा चालू स्थितीतला व्हीसीआर दिसला तर सोडू नका. टेपच्या वेगात बारीक चढउतार असतात, म्हणून चित्राच्या वरच्या भागात रेघा वाकतात. त्या सरळ करणारं टाइम बेस करेक्टर आत असलेलं मशीन मिळालं तर फार फरक पडतो. ८ मिलिमीटरच्या ॲनालॉग कॅसेटसाठी सोपा मार्ग आहे: सोनीचे बरेच डिजिटल८ कॅमेरे जुनी हाय८ वाचून थेट फायरवायरने डीव्ही देतात. त्याच कॅमेऱ्यात पिवळ्या पिनेतून आत चित्र घ्यायची सोय असेल तर व्हीसीआर त्याला जोडा. स्वस्तातल्या यूएसबी डोंगलपेक्षा हा रस्ता कितीतरी खात्रीचा, कारण आवाज आणि चित्र एकत्र राहतात. एस-व्हिडिओचा गोल पोर्ट असेल तर पिवळ्या पिनेऐवजी तोच वापरा, रंग आणि उजेड वेगळ्या तारांतून जातात आणि लाल शालूची कड शेजारी पसरत नाही.

बघण्यासाठी वेगळी प्रत

मूळ फाइल आता हलवायची नाही. टीव्हीवर बघायला आणि नातेवाइकांना द्यायला तिच्यापासून एमपी४ बनवा. मी हँडब्रेक वापरतो, मोफत आहे.

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते आंतररेषित चित्राचं, म्हणजे इंटरलेसिंगचं. जुन्या टीव्हीवर एक फ्रेम दोन हप्त्यांत यायची: आधी एकाआड एक रेघा, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. म्हणजे तुमच्या कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं नसून वेगवेगळ्या क्षणांची ५० अर्धी चित्रं आहेत. संगणकावर दोन्ही अर्धी एकदम दाखवली की हलणाऱ्या गोष्टीला कंगव्याचे दात फुटतात.

अक्षता पडतानाचा क्षण घ्या. आमच्या फाइलमध्ये अंतरपाट खाली येतो आणि चहूबाजूंनी तांदूळ उडतात. मूळ फाइल थांबवून बघितली तर प्रत्येक दाणा दोन जागी, मध्ये आडव्या फटी. हँडब्रेकमध्ये साधं डिइंटरलेस केलं, म्हणजे दोन अर्ध्यांचं एक पूर्ण चित्र केलं, तेव्हा दात गेले, पण सेकंदाला २५ च चित्रं उरली आणि दाणे टप्प्याटप्प्याने उडी मारत खाली आले. मग ‘बॉब’ निवडून वेग ५० केला. आता प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम झाली आणि अक्षता सलग, पडतात तशा पडल्या. त्या काळी डबा टीव्हीवर आम्ही हेच बघितलं होतं.

इथे अर्ध्या चित्रांचा क्रमही महत्त्वाचा. डीव्हीत खालच्या रेघा आधी येतात, १०८० रेघांच्या एचडीत वरच्या आधी. सॉफ्टवेअरने क्रम चुकीचा धरला तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. थरथर दिसली की सेटिंगमध्ये क्रम उलटा करा.

बाकी सेटिंग थोडक्यात. कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची रीत, एच.२६४, कारण जुना टीव्हीही तो वाचतो. एच.२६५ ने फाइल लहान होते, पण काकांच्या दहा वर्षांपूर्वीच्या टीव्हीवर ती उघडेलच असं नाही. गुणवत्तेचा आकडा १८ ते २०, आवाजाचा कोडेक एएसी. ४:३ चं चित्र ४:३ च ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. पट्ट्या भरण्यासाठी वरचा-खालचा भाग कापला तर डोक्यावरचे फेटे आणि मुंडावळ्या आधी जातात.

एआय वापरून चित्र ४के करणारी साधनं आता सर्रास मिळतात. मी ती वापरून पाहिली आहेत आणि घरच्या चेहऱ्यांसाठी त्यांच्यावर माझा विश्वास नाही. टेपवर नसलेला तपशील ती अंदाजाने भरतात. मागच्या रांगेत बसलेल्या पणजीचा चेहरा एकदम टवटवीत, रेखीव झाला, पण तो तिचा चेहरा नव्हता. अशी प्रत करायचीच तर फाइलच्या नावातच तसं लिहा.

एचडी टीव्हीवर लावताना

पेन ड्राइव्ह लावण्याआधी टीव्हीची सेटिंग बघा. चित्राचा आकार ‘ओरिजिनल’ किंवा ४:३ वर. शार्पनेस अगदी कमी, कारण तो वाढवला की व्हीएचएसच्या कडांना पांढरी झालर येते. चाल गुळगुळीत करणारी मोशनची सेटिंग बंद. एचडी फाइल लावताना स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन चालू करा. नाहीतर बरेच टीव्ही जुन्या सवयीने चारी कडा थोड्या कापतात आणि बाकीचं ताणतात, म्हणजे एचडीचा बिंदूला बिंदू हा फायदाच जातो.

सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमाबद्दल लोक नेहमी विचारतात. घरातली मुलगी एखाद्या वाहिनीवर गायली आणि ते बॉक्सला लावलेल्या पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड केलं, तर ते रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सपुरतं कुलूपबंद असतं. संगणकाला लावलं तर उघडत नाही, आणि बॉक्स बदलला की गेलं. तो भाग अधिकृतपणे ऑनलाइन आहे का ते लगेच शोधा, किंवा कार्यक्रम करणाऱ्यांकडे प्रत मागा.

जपणूक

मूळ फाइलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची एक डिस्क माझ्याकडे पुण्यात आहे, दुसरी रत्नागिरीला मामाकडे. वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइली उघडून बघतो, नुसती पडून राहिलेली डिस्कही बिघडते. नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग आणि कॅसेटचा क्रमांक: २००४-१२, मावशीचं लग्न, कॅसेट ३. असं लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि घरात जे सगळ्यांत मोठे आहेत त्यांना पहिल्यांदा दाखवताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवून शेजारी बसा. आमच्या आत्याने एका तासात सत्तावीस चेहऱ्यांची नावं सांगितली, त्यातली अर्धी मला माहीतच नव्हती. ती नावं वेळेसकट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून व्हिडिओच्या फोल्डरमध्येच ठेवली आहेत.

कॅसेट टाकून देऊ नका. पुढे आणखी चांगलं मशीन मिळालं तर पुन्हा उतरवता येईल. पूर्ण मागे गुंडाळा, डबीत घाला, पुस्तकासारखी उभी ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि स्पीकरपासून लांब. डबीवर पेन्सिलीने लिहा: कधी उतरवली, कोणत्या कॅमेऱ्याने, आणि कितव्या मिनिटाला टेप अडकते.